दोन बुद्धिबळ इंजिनांपैकी सरस कोणतं? घरच्या घरी चाचणी घेण्याची रीत

आपल्या इंजिनात एक बदल केला, जुन्या आवृत्तीशी दहा डाव लावले आणि नवी आवृत्ती ७-३ अशी जिंकली. असं झालं की नवखा इंजिनवाला चहा टाकतो आणि मित्राला फोन लावतो. मीही लावला होता. आता हिशोब बघा. दोन्ही आवृत्त्या अगदी सारख्या ताकदीच्या आहेत आणि एकही डाव बरोबरीत सुटत नाही असं धरलं, तरी दहापैकी सात किंवा जास्त डाव नव्या आवृत्तीने मारण्याची शक्यता १७ टक्के आहे. नाणं उडवलं तरी साधारण सहा वेळांत एकदा हा निकाल हाती येईल. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एका पातेल्यात, एका आचेवर शिजलेली असतात. डावांचं तसं नसतं.

ज्यांच्याकडे एकच साधा संगणक आहे, पण तो रात्रभर चालू ठेवायची तयारी आहे, त्यांच्यासाठी खालची रीत आहे. इंजिन स्वतः लिहिलेलं असो किंवा उतरवून घेतलेलं, पायऱ्या जवळपास त्याच.

आधी प्रश्न ठरवा

'माझं इंजिन किती ताकदीचं?' आणि 'हा बदल केल्याने इंजिन सुधारलं का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी अनेक प्रतिस्पर्धी लागतात, दुसऱ्यासाठी एकच: कालची आवृत्ती. रोजच्या कामात नव्वद टक्के वेळा आपला प्रश्न दुसराच असतो, म्हणून मी त्यावरच जास्त लिहितो आहे. आणखी एक, एका वेळी एकच बदल तपासा. तीन बदल एकत्र तपासले आणि इंजिन सुधारलं, तर त्यातला एक बदल नुकसान करतोय हे कधीच कळणार नाही.

चाली बरोबर पडतात का

ही पायरी स्वतः इंजिन लिहिणाऱ्यांची. बाकीच्यांनी पुढे जावं. ताकद मोजण्याआधी इंजिन नियम पाळतं का ते बघायला 'पर्फ्ट' वापरतात: दिलेल्या पटावरून ठरावीक खोलीपर्यंत किती चालींच्या वाटा निघतात ते नुसतं मोजायचं. सुरुवातीच्या पटावरून हे आकडे २०, ४००, ८९०२, १,९७,२८१ आणि ४८,६५,६०९ असे येतात. तुमचा आकडा एकानेही वेगळा आला तर कुठेतरी खोट आहे. पण सुरुवातीच्या पटावर कॅसलिंग आणि बढती इतक्या लवकर येत नाहीत, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. 'किवीपीट' नावाचा एक गुंतागुंतीचा पट त्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्याचे पहिले तीन आकडे ४८, २०३९ आणि ९७,८६२. एन पासां करून प्यादं उचललं की आडव्या रांगेतून स्वतःच्याच राजाला शह बसतो, ही चूक मला अशाच तपासणीत सापडली.

दुसरी सोय म्हणजे 'बेंच'. स्टॉकफिश या नावाजलेल्या मोफत इंजिनासकट बऱ्याच इंजिनांत ही आज्ञा असते. काही ठरलेल्या पटांवर ठरलेल्या खोलीपर्यंत शोध घ्यायचा आणि एकूण किती नोड, म्हणजे शोधात आलेले पट, पाहिले ते छापायचं. तुम्ही फक्त वेग वाढवायला कोड बदलला असेल, तर बदलाआधी आणि नंतर नोडची संख्या तीच यायला हवी. तशी आली, तर डाव लावायची गरजच नाही. सेकंदाला किती नोड होतात तेवढं पाच-सहा वेळा मोजा, काम झालं.

यंत्राची तयारी

डाव लावताना इंजिनांना प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करू देऊ नका, म्हणजे 'पाँडर' बंद. मग एका डावात एका वेळी एकच इंजिन काम करतं, आणि एक थ्रेड (एका वेळी एकच काम करणारा धागा) दिलेला असेल तर एका डावाला एक कोअर, म्हणजे प्रोसेसरमधलं एक गणनाकेंद्र, पुरतो. तुमच्याकडे आठ खरे कोअर असतील तर एकावेळी सहा डाव चालवा, आठ नको. हायपरथ्रेडिंगमुळे दिसणारे सोळा 'कोअर' खरे धरू नका. दोन डाव एकाच कोअरवर भांडायला लागले की वेळेचा हिशोब बिघडतो आणि इंजिनं वेळ संपून हरायला लागतात.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला ठेवा आणि वीज वाचवण्याची व्यवस्था बंद करा. विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या मे महिन्यात लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो. त्याचा फटका दोन्ही इंजिनांना साधारण सारखाच बसतो, त्यामुळे निकाल लगेच एका बाजूला झुकत नाही, पण तुम्ही ठरवलेला वेळ आणि प्रत्यक्ष झालेला विचार यांचं नातं तुटतं. मी मोठे सामने रात्रीच लावतो. वीज गेली तरी संपलेले डाव पीजीएन फाईलमध्ये, म्हणजे डावांच्या चाली नोंदवणाऱ्या फाईलमध्ये, राहतात, तेव्हा ते वाया जात नाहीत. पुन्हा सुरू करताना मात्र ओपनिंगच्या फाईलमध्ये (सुरुवातीच्या चालींची फाईल, तिच्याबद्दल पुढे) पुढच्या क्रमांकापासून सुरुवात करा, नाहीतर तेच डाव परत खेळले जातील.

दोन आवृत्त्यांची तुलना असेल तर दोन्ही एकाच कंपायलरने, त्याच पर्यायांसह बनवा. उतरवलेली इंजिनं असतील तर तुमच्या प्रोसेसरला साजेशी प्रत घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ आलं आणि पट जोखण्याच्या कामात लहान न्यूरल नेटवर्क, म्हणजे 'एनएनयूई', शिरलं. तेव्हापासून हे फार महत्त्वाचं झालंय. एव्हीएक्स२ (नव्या प्रोसेसरमधल्या जलद गणिताच्या सूचना) वापरणारी प्रत आणि जुन्या प्रोसेसरसाठीची प्रत यांच्या वेगात मोठं अंतर पडतं. एकाला ही आणि दुसऱ्याला ती दिलीत, तर तुम्ही इंजिन मोजत नसून फाईल निवडण्यातली तुमची चूक मोजताय.

हॅश, म्हणजे आधी पाहिलेले पट लक्षात ठेवायची मेमरी, दोघांना सारखा. जलद डावांना १६ एमबी पुरतो, मोठ्या वेळेला ६४.

किती वेळ द्यायचा

स्टॉकफिशच्या विकासासाठी २०१३ पासून 'फिशटेस्ट' नावाची व्यवस्था चालते. जगभरचे स्वयंसेवक त्यासाठी आपापले संगणक देतात. तिथली पहिली चाळणी आहे डावाला १० सेकंद आणि चालीमागे ०.१ सेकंद. त्यातून पार पडलेला बदल मग ६० सेकंद आणि ०.६ सेकंदांवर तपासला जातो. घरीही हेच प्रमाण ठेवायला हरकत नाही. दहा सेकंदांत काय कळणार, असं वाटतं खरं. पण आजचं इंजिन दहा सेकंदांतही बरंच खोल बघतं, आणि मोजायला संख्या हवी, ती जलद डावांतूनच मिळते.

हिशोब करून बघा. १०+०.१ चा डाव साधारण अर्ध्या मिनिटात संपतो. एकावेळी सहा डाव चालले तर दहा हजार डावांना जवळपास चौदा तास लागतात. तेच ६०+०.६ ला साडेतीन दिवस. चालीला ठरावीक वेळ किंवा ठरावीक खोली देऊन खेळवू नका. कोणत्या चालीला किती वेळ द्यायचा हे ठरवणं हाही ताकदीचाच भाग आहे.

सुरुवातीच्या चाली: इथे बहुतेकांचं चुकतं

एक थ्रेडवर चालणारं इंजिन बरंचसं यंत्रवत वागतं. त्याच पटावर, जवळपास तेवढ्याच वेळेत, ते बहुतेक तीच चाल काढतं. ओपनिंगची फाईल न देता शंभर डाव लावलेत तर त्यातले कितीतरी एकमेकांच्या नकला निघतील. कागदावर शंभर डाव, प्रत्यक्षात दहा-पंधरा. आणि चुकीचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कळत नाही, ते शंभराचाच हिशोब सांगतं.

म्हणून वेगवेगळ्या सुरुवातींची फाईल द्यायची, आणि प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवायची: एकदा पांढरी मोहरी एकाकडे, एकदा दुसऱ्याकडे. ही जोडी मोडू द्यायची नाही. एखादी सुरुवात पांढऱ्याला झुकती असली तरी दोघांना तिचा लाभ एकेकदा मिळतो.

कोणती फाईल घ्यायची हे इंजिनाच्या ताकदीवर ठरतं. तुमचं इंजिन नवखं असेल तर साध्या, समतोल सुरुवाती चालतात. आठ-आठ चालींची कुठलीही चांगली फाईल घ्या. दोघंही चुका करतातच, डाव निकाली लागतात. पण वरच्या दर्जाच्या इंजिनांना समतोल सुरुवात दिली की बरोबरीमागे बरोबरी होते आणि रात्रभर वीज जाळून काहीच कळत नाही. त्यावर उपाय म्हणून मुद्दाम झुकत्या सुरुवाती निवडतात. स्टेफान पोल यांनी माणसांच्या डावांतून गोळा केलेल्या 'यूएचओ' फाईली याच कामाच्या आहेत. पांढरा जिंकेल की काळा कसाबसा वाचेल हे काठावर असेल, अशा जागेपासून डाव सुरू होतो. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेतही निवडलेल्या सुरुवाती दोन्ही बाजूंनी खेळवतात, ते त्यामुळेच.

झुकत्या सुरुवाती वापरल्या तर मोजणीही जोडीने करावी लागते. दोघांनी आपापला पांढऱ्याचा डाव जिंकला तर जोडीचा निकाल १-१, म्हणजे शून्य फरक. एकेक डाव सुटा धरणारं गणित याला 'दोन निकाली डाव' समजतं आणि चुकीची मर्यादा उगाच फुगवतं. एका जोडीचे निकाल पाचच प्रकारचे असू शकतात: शून्य, अर्धा, एक, दीड किंवा दोन गुण. याला 'पेंटानॉमियल' मोजणी म्हणतात. सामने लावणारं फास्टचेस हे साधन ती थेट दाखवतं.

सामना लावणे

खिडक्या-बटणांची आवड असेल तर अरेना किंवा बँक्सिया वापरा. मोठ्या संख्येसाठी मात्र क्यूटचेस-सीएलआय किंवा फास्टचेस या आज्ञेवर चालणाऱ्या साधनांना पर्याय नाही. दोन्हींना यूसीआय पद्धतीची (इंजिन आणि बाहेरचं सॉफ्टवेअर यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा) इंजिनं चालतात, आणि २००० साली आलेली ही पद्धत आज जवळपास सगळीच इंजिनं बोलतात. आज्ञेत इतक्या गोष्टी आल्या पाहिजेत: दोन्ही इंजिनांचा पत्ता आणि वेगवेगळी नावं, दोघांना समान वेळ, हॅश आणि थ्रेड, ओपनिंगची फाईल यादृच्छिक क्रमाने, फेरीला दोन डाव आणि 'रिपीट', एकावेळी किती डाव, आणि पीजीएन कुठे लिहायची.

हरलेला डाव मात होईपर्यंत ओढण्यात अर्थ नसतो. नेहमीची बेतशीर मांडणी अशी: दोन्ही इंजिनांचा अंदाज सलग तीन चाली ६०० सेंटिपॉनच्या (प्याद्याच्या शंभराव्या भागांच्या) पलीकडे असेल तर डाव सोडलेला धरायचा. ३४ व्या चालीनंतर सलग आठ चाली दोघांचाही अंदाज २० च्या आत असेल तर बरोबरी. एंडगेमशी संबंधित बदल तपासत असाल तर हे दोन्ही बंद ठेवा, नाहीतर ज्याची परीक्षा घ्यायची तोच भाग कापला जाईल.

खरा सामना लावण्याआधी दोन छोट्या तपासण्या कराच. एकाच इंजिनाच्या दोन प्रती वेगळ्या नावांनी एकमेकांशी लावा. निकाल पन्नास टक्क्यांच्या आसपास यायला हवा. मग एका प्रतीला निम्मा वेळ द्या, ती स्पष्ट हरायला हवी. हे दोन्ही नीट झालं तरच तुमचा तराजू बरोबर आहे.

निकाल वाचणे

आर्पाद एलो या मूळच्या हंगेरीच्या, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांची खेळाडूंची ताकद आकड्यात मांडण्याची पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. इंजिनंही तीच वापरतात. मिळालेल्या गुणांची टक्केवारी भागिले उरलेली टक्केवारी, त्याचा १० पायाचा लॉगॅरिदम, गुणिले ४००, की झाला एलो फरक. तोंडपाठ ठेवण्याजोगे आकडे: ५१ टक्के म्हणजे ७ एलो, ५५ म्हणजे ३५, ६० म्हणजे ७०, ६४ म्हणजे १००.

आकडा काढणं सोपं. त्याच्या दोन्ही बाजूंना किती चूक असू शकते, तेच खरं बघायचं. साठ टक्के डाव बरोबरीत सुटत असतील आणि इंजिनं तुल्यबळ असतील, तर ९५ टक्के खात्रीची मर्यादा शंभर डावांना अधिक-उणे ४३ एलो असते. हजार डावांना साधारण १४, दहा हजारांना ४. डाव चौपट केले की चूक निम्मी होते, त्यापेक्षा स्वस्तात काही मिळत नाही. आणि आजकाल एखादा चांगला बदल दोन-तीन एलोचा असतो. शंभर डावांत तो शोधणं म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोनं तोलण्यासारखं आहे.

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोवला ३.५-२.५ असं हरवलं. जगभर मथळे झाले. सहा डावांचा हा निकाल आपल्या सूत्रात घातला तर डीप ब्लू ५८ एलोने सरस, आणि चुकीची ढोबळ मर्यादा अधिक-उणे दोनशेच्या आसपास. इतिहास घडला यात शंका नाही, पण मोजमाप झालं नाही.

डीपमाइंडच्या अल्फाझिरो या प्रोग्रामचं उदाहरण त्याहून शिकवणारं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये स्टॉकफिश ८ विरुद्धच्या शंभर डावांचा निकाल जाहीर झाला: २८ विजय, ७२ बरोबरी, पराभव शून्य. म्हणजे ६४ टक्के, १०० एलो. मर्यादा काढली तर साधारण ६८ ते १३४. अल्फाझिरो सरस, हे नक्की. पण अटींवर टीका झाली: चालीला ठरावीक एक मिनिट, आणि स्टॉकफिशला ६४ थ्रेडना मिळून फक्त १ जीबी हॅश. वर्षभराने शोधनिबंध रीतसर छापून आला तेव्हा डावाला तीन तास आणि चालीमागे १५ सेकंद होते, हॅश मोठा होता, आणि हजार डावांत १५५ विजय, ६ पराभव. हा फरक ५२ एलोचा भरतो, मर्यादा अधिक-उणे ८. जिंकणारा तोच राहिला, पण आकडा जवळपास निम्म्यावर आला. म्हणून निकाल सांगताना वेळ, हॅश, थ्रेड आणि सुरुवाती सोबत सांगा. नुसता एलो सांगणं म्हणजे गावाचं नाव न सांगता अंतर सांगणं.

कधी थांबायचं

हजार डाव ठरवले, दर पाच मिनिटांनी पडद्याकडे पाहिलं, साडेतीनशेव्या डावाला नवी आवृत्ती 'खात्रीने पुढे' दिसली आणि सामना थांबवला. हे आपण सगळेच करतो आणि हे साफ चूक आहे. आकडे वर-खाली होत असतात. मनासारखा क्षण आला की थांबायचं ठरवलं, तर पाच टक्के चुकीची हमी उरत नाही, चुकीची शक्यता कितीतरी वाढते.

यावर तोड म्हणजे एसपीआरटी. अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही क्रमवार चाचणी मांडली. तीत दोन दावे आधी ठरवायचे, समजा 'फरक ० एलो' आणि 'फरक ५ एलो'. प्रत्येक जोडीनंतर सॉफ्टवेअर कोणता दावा किती पटीने पटतो याचा (नैसर्गिक लॉगॅरिदममधला) आकडा काढतं. दोन्ही बाजूंची चूक पाच टक्के मान्य केली तर हा आकडा २.९४ च्या वर गेला की बदल पास, उणे २.९४ च्या खाली गेला की नापास. मधे असेल तर खेळत राहा. इथे पडद्याकडे कितीही वेळा बघा, बिघडत नाही.

घरच्या यंत्राला मी ० आणि १० पासून सुरुवात करायला सांगेन. खरा फरक ३० एलो असेल तर पाच-सहाशे डावांतच उत्तर मिळतं. खरोखर १० असेल तर अडीच हजारांच्या आसपास. ० आणि ५ मागितलेत तर दहा हजारांची तयारी ठेवा. सगळ्यात जास्त वेळ लागतो तो खरा फरक दोन दाव्यांच्या बरोबर मधे असेल तेव्हा. सामना हलता हलत नाही, आणि तुम्ही सकाळी उठून बघता तर आकडा कालच्याच जागी.

स्वतःशी खेळून मिळालेले एलो

जुन्या आवृत्तीला ३० एलोने हरवलं म्हणून इतरांविरुद्धही ३० वाढतील असं समजू नका, बहुतेक कमीच वाढतात. दोन आवृत्त्यांची समज सारखी असते, त्यामुळे छोटा फायदाही मोठा दिसतो. म्हणून पाच-सहा बदल साठले की परक्या इंजिनांशी फेरी लावा. प्रतिस्पर्धी असे निवडा की तुमचे गुण २५ ते ७५ टक्क्यांत राहतील. नव्वद टक्के गुण मिळवून काहीच कळत नाही. सगळ्या पीजीएन एकत्र करून ऑर्डो किंवा बेझएलो या साधनाला द्या, आणि एका ओळखीच्या इंजिनाचा आकडा सीसीआरएल या इंजिनांच्या क्रमवारीच्या यादीतून घेऊन खुंटा म्हणून रोवा.

त्या यादीतला ३६०० आणि कार्लसनने मे २०१४ मध्ये गाठलेला २८८२ हे एका फूटपट्टीवरचे आकडे नाहीत. एलो फक्त एकमेकांशी खेळणाऱ्यांतला फरक सांगतो, आणि या दोन मंडळींचे डाव एकमेकांशी होतच नाहीत.

कोड्यांच्या संचांबद्दल एवढंच: ब्रात्को-कोपेकचे २४ पट किंवा तसले संच बिघाड शोधायला ठीक आहेत, ताकद मोजायला नाहीत. जास्त कोडी सोडवणारं इंजिन डावात हरताना मी अनेकदा पाहिलंय.

शेवटी पीजीएन उघडा

एकदा माझा एक बदल रात्रभरात दणदणीत पास झाला. इतका, की संशय आला. पीजीएनमध्ये प्रत्येक डावाला 'टर्मिनेशन' ही नोंद असते, डाव कसा संपला ते सांगणारी. बघतो तर जुन्या आवृत्तीचे कितीतरी पराभव वेळ संपून झालेले. ती प्रत मी दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली होती, वेळेत थोडी राखीव जागा सोडण्याचा पर्याय तिला दिलाच नव्हता, आणि एकावेळी आठही कोअरवर डाव चालवले होते. दोन्ही दुरुस्त करून सामना परत लावला. दुसऱ्या रात्री बदल नापास झाला. आता सकाळी उठल्यावर मी गुणांची ओळ झाकून आधी टर्मिनेशनच्या नोंदी मोजतो.